बिशप-कार्डिनलांची जुनी एनग्रेव्हिंग्ज घेताय? या चुका टाळा

एनग्रेव्हिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र, आणि बिशप-कार्डिनल म्हणजे कॅथलिक चर्चचे मोठे धर्माधिकारी. दर आठवड्याला कुणीतरी अशा छापाचा फोटो पाठवतं, "दादा हे सतराव्या शतकातलं ओरिजिनल आहे ना?" आणि दर वेळी तेच घोळ.

सगळ्यात मोठा घोळ चित्राखालच्या नावांचा. पहिलं नाव दिसलं की झालं, हाच कलाकार! अरे बाबांनो, नावापुढचा लॅटिन शब्द बघा, पिन्क्सिट म्हणजे ज्याने रंगवलं तो, स्कल्प्सिट म्हणजे ज्याने तांब्यावर कोरलं तो, आणि एक्स्कुडिट म्हणजे छापून विकणारा. मी पण यात तोंडावर आपटलोय. बिशप बोस्युएचं मोठं उभं पोर्ट्रेट हातात आलं, खाली चित्रकार रिगोचं नाव, मी छाती फुगवून एका जुन्या प्रिंटवाल्या काकांना सांगितलं, १७०२ चं आहे, रिगोने केलंय. काका काही बोलले नाहीत, भिंग दिलं आणि दुसरं नाव वाचायला लावलं. द्रव्हे. रिगोचं पेंटिंग १७०२ चं, द्रव्हेने ते तांब्यावर कोरलं १७२३ ला, आणि बोस्युए गेले १७०४ लाच! तसंच कार्डिनल रिशल्यूच्या पोर्ट्रेटचं, ते वारले १६४२ मध्ये, नांतईने कोरलं १६५७ मध्ये. म्हणजे माणसाची तारीख, पेंटिंगची तारीख आणि छापाची तारीख तीन वेगळ्या, आता मी तिन्ही वहीत लिहून मगच तोंड उघडतो.

दुसरं म्हणजे पोर्ट्रेटखाली त्या माणसाचं मानचिन्ह असतं, म्हणजे एक ढाल आणि तिच्यावर गोंड्यांची टोपी, त्या टोपीचे गोंडे मोजून पद ठरवणं. नेटवर तक्ता मिळतो, एका बाजूला सहा म्हणजे बिशप, दहा म्हणजे आर्चबिशप, पंधरा म्हणजे कार्डिनल, आणि नवशिके लगेच जज होतात. तेव्हाच्या फ्रान्समधले बरेच साधे बिशप बिनधास्त दहा गोंडे लावायचे, पंधरा फक्त कार्डिनलांना हा नियमच १८३२ चा. गोंडे राहू द्या, खालचं लॅटिन वाचा, तिथे पद लिहिलेलं असतं. कंटाळा येतो? मग हा नाद तुमचा नाही.

मानचिन्हाच्या ढालीवरच्या उभ्या रेघा ही सावली नाही, काळ्या-पांढऱ्या छापात तो लाल रंग दाखवायची खूण आहे. आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी.

भिंगाखाली एकसारखी ठिपक्यांची जाळी दिसली तर ती फोटोवरून छापलेली नक्कल आहे, पुस्तकातलं पान वगैरे, पैसे परत मागा.

सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

छापताना तांब्याच्या प्लेटचा कागदावर उमटलेला दाबलेला काठ कापून फ्रेममध्ये बसवणारेही त्यातलेच. मी आधी प्रिंट उजेडाकडे धरून कागद बनवतानाच्या तारेच्या जाळीने कागदात उमटलेल्या रेघा बघतो, विकणारा म्हणाला की फ्रेममधून काढता येणार नाही, तर चहा पितो आणि निघतो.