परदेशी पाहुण्यांना बोलावताय? टुरिस्ट व्हिसाच्या या चुका टाळा

मुलाने जर्मन मुलगी पसंत केली, लग्न पुण्यात ठरलं, व्याही-विहीणबाई यायला एका पायावर तयार. मग व्हिसाचा विषय निघतो आणि घरातलं एखादं जाणतं माणूस सांगतं, ‘स्टँप पेपरवर आमंत्रणपत्र करा, नोटरी करा, बँकेचं स्टेटमेंट जोडा.’ ही धावपळ बहुतेक वेळा फुकट जाते. भारताच्या ई-टुरिस्ट व्हिसाला पासपोर्टच्या फोटोच्या पानाची पीडीएफ आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा चौकोनी फोटो पुरतो. मित्रांना, नातेवाइकांना भेटायला येणं याच व्हिसात बसतं. पासपोर्ट मात्र भारतात उतरल्यापासून किमान सहा महिने वैध असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत.

यजमानाची खरी गरज लागते ती पाहुणा फॉर्म भरत असताना आणि तो घरी पोचल्यावर. चुकाही याच दोन ठिकाणी होतात.

साइट आणि फॉर्म

गुगलवर शोधलं की सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट वर येतात. फी घेतात, वर आपलं कमिशन चढवतात, कधी नुसतेच पैसे घेऊन गप्प बसतात. सरकारी साइटचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. पाहुण्याला शोधायला लावू नका, लिंक तुम्हीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

फॉर्म लांबलचक आहे. धर्म, अंगावरची ओळखखूण, आईवडिलांची जन्मस्थळं, गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या देशांत गेलात, असे प्रश्न पाहून युरोपियन माणूस गोंधळतो. हे आमच्याकडे सगळ्यांनाच विचारतात, असं आधीच सांगून ठेवावं. मध्येच साइट लटकली तर भरलेलं सगळं जातं, म्हणून सुरुवातीला मिळणारा तात्पुरता अर्ज क्रमांक लिहून ठेवायचा. ‘भारतातला संदर्भ’ या रकान्यात तुमचं नाव, पत्ता आणि फोन नंबर द्या, आणि तो फोन उचलाही.

जिथे हमखास गडबड होते ती जागा म्हणजे तारखा आणि पासपोर्ट नंबर. तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहायची असते. अमेरिकन माणूस सवयीने महिना आधी लिहितो आणि ३ जुलैचा जन्म ७ मार्चचा होऊन बसतो. जर्मन पासपोर्टची गंमत वेगळीच. त्याच्या नंबरात इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर वापरतच नाहीत. गोल दिसतं ते शून्यच. तिथे ‘ओ’ टाइप झाला तरी व्हिसा मंजूर होऊन येऊ शकतो, आणि मग फ्रँकफर्टला चेक-इन काउंटरवर नंबर जुळत नाही म्हणून पाहुण्यांना विमानात चढू देत नाहीत. एकदा अर्ज गेला की दुरुस्ती नाही. नवा अर्ज, नवी फी. म्हणून फी भरण्याआधी व्हिडिओ कॉल लावा, पाहुण्याने पासपोर्ट हातात धरून एकेक अक्षर वाचावं, तुम्ही स्क्रीनवर ताडून पाहा. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, मधलं नावसुद्धा.

एक प्रश्न पाकिस्तानशी संबंधाचा असतो. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी तिथलं असेल तर ई-व्हिसा चालत नाही, दूतावासातून नेहमीचा व्हिसा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. ‘कोण बघतंय’ म्हणून ‘नाही’ ठोकून देऊ नका.

मुदतीचा घोळ

ई-टुरिस्ट व्हिसा तीन मुदतींचा मिळतो: ३० दिवस, एक वर्ष, पाच वर्षं. ३० दिवसांचा व्हिसा प्रवासाच्या आधीच्या ३० दिवसांतच मागता येतो, बाकीचे दोन १२० दिवस आधीपासून. ३० दिवसांच्या कागदावर छापलेली शेवटची तारीख ही भारतात शिरण्याची असते. मुक्कामाचे दिवस उतरल्यापासून मोजतात. एक वर्षाचं उलट आहे, मंजुरीच्या दिवसापासूनच घड्याळ सुरू. डिसेंबरच्या लग्नासाठी ऑगस्टमध्येच अर्ज केला तर तेवढे महिने वाया गेले.

घरचेच, पण पासपोर्ट परदेशी

इथे आपली माणसं जास्त फसतात. पुतण्या अमेरिकन नागरिक झाला, पण जुना भारतीय पासपोर्ट अजून संपलेला नाही. ‘याच्यावरच ये की’ असं काका सांगतात. तसं येणं गुन्हा आहे. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि तो पासपोर्ट दूतावासात जमा करायचा असतो. ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) हातात येईपर्यंत व्हिसा काढूनच यावं लागतं. आईवडील दोघं भारतीय आणि बाळ अमेरिकेत जन्मलेलं, अमेरिकन पासपोर्टचं असेल, तर त्या तान्ह्यालाही स्वतंत्र व्हिसा हवा.

बॅगेत काय नको

सह्याद्रीत ट्रेक करायचा म्हणून एखादा हौशी मित्र सॅटेलाइटवर चालणारं संदेशयंत्र आणतो. भारतात ते विनापरवाना बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन प्रवासी महिलेला याच कारणाने ताब्यात घेतलं होतं. ई-सिगारेटवर २०१९पासून बंदी आहे. ड्रोनही घरीच राहू द्या. नैरोबीहून येणाऱ्या मित्राला पीतज्वराच्या लसीचं कार्ड आठवणीने आणायला सांगा, नाहीतर विमानतळावरून थेट विलगीकरण.

पाहुणा घरी आला, आता तुमचं काम

बहुतेक यजमानांना हे माहीतच नसतं. परदेशी माणूस हॉटेलात उतरला की हॉटेलवाले त्याची नोंद पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागाकडे करतात. तोच तुमच्या घरी उतरला तर ती नोंद तुम्ही करायची, एक पैसाही घेत नसलात तरी. लोक याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. १ सप्टेंबर २०२५पासून परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झाला, त्यातही राहायला जागा देणाऱ्यावरची ही जबाबदारी कायम आहे. मुदत २४ तासांची, काम ऑनलाइन. पण त्याआधी यजमान म्हणून या नोंदीच्या सरकारी साइटवर खातं उघडावं लागतं आणि त्याला मंजुरी लागते, म्हणून हे पाहुणे विमानात बसण्याच्या बरंच आधी उरका. सोसायटीच्या वॉचमनकडच्या रजिस्टरातली सही म्हणजे ही नोंद नव्हे. पाहुण्यांना पुढे गावच्या घरी, समजा चिपळूणला, चार दिवस नेलंत तर तिथल्या यजमानाने पुन्हा भरायचा. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असतं. ऑनलाइन अडलं तर तिथे जाऊन विचारा.

पाहुणा शिक्षक आहे म्हणून ओळखीच्या कॉलेजात आठवडाभर शिकवायला बसवणं हे टुरिस्ट व्हिसात बसत नाही. गप्पा मारायला कुणाची ना नाही.

फिरताना पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग पाहुण्याच्या देशाच्या दूतावासातून तात्पुरता प्रवासकागद, आणि शेवटी ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या साइटवरून देश सोडण्याची परवानगी. ही तिसरी पायरी विसरून लोक नवा कागद घेऊन थेट विमानतळ गाठतात आणि इमिग्रेशनवरून परत येतात. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असेल तर या तिन्ही ठिकाणी काम लवकर होतं.