वादळी पावसाचा इशारा आल्या दिवशी कामं कशी उरकायची

आमचं गाव वसमत तालुक्यातलं. मे महिन्यात इथं दारापुढं, शेतातल्या आखाड्यावर (म्हणजे शेतातल्या मांडवावर), जिथं जागा मिळेल तिथं हळद वाळत असते. आणि नेमकं त्याच दिवसांत वळीव येतो. सकाळपासून जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, तिच्यातल्या ओलाव्याचे ढग दुपारनंतर उंच वाढत जातात. म्हणून हा पाऊस बहुतेक वेळा तिसऱ्या प्रहरी किंवा सांजच्याला पडतो. त्यामुळं आमच्या घरात एक वेळ ठरलेली आहे: उंबऱ्याबाहेरचं सगळं काम दुपारी दोनच्या आत. दोननंतर जे राहिलं ते राहिलं, त्याच्यापायी कुणी बाहेर जायचं नाही.

आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघून ठेवा. पिवळा असला तर लक्ष ठेवून कामं करावीत. नारंगी आला तर त्या दिवशी बाजार, लग्नकार्य, बँक सगळं पुढं ढकला. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्लाही मी वाचते, त्यावरून पुढच्या चार दिवसांचा अंदाज येतो.

सकाळी आधी लाईटीवरची कामं. वारा सुटला की लाईट जाते आणि खांब पडला तर दोन-दोन दिवस येत नाही. म्हणून उठल्याबरोबर ज्वारीचा डबा गिरणीत पाठवायचा. बाजरी नको, तिचं पीठ लवकर कडवट होतं. तोवर मोटर लावून टाकी, रांजण, कळशा भरून घ्यायच्या. मोबाईल, बॅटरी चार्जिंगला लावायच्या. शेतातल्या मोटरचा स्टार्टर दुपारच्या आतच बंद करून यायचं, नंतर त्याच्यासाठी विहिरीवर धावणं फार वाईट.

आता हळद. शिजवलेली हळद वाळायला दहा-पंधरा दिवस लागतात आणि त्यात एकदा भिजली की रंग उतरतो, बुरशी धरते, वर्षाची मेहनत जाते. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, शेवटी रंग बघूनच भाव लागतो. गोळा करायला अकराच्या आत लागा. भर उन्हात तापलेली हळद ढीग करून लगेच झाकली की तिला घाम सुटतो आणि ताडपत्रीच्या आत पाऊस पडल्यासारखी ती ओली होते. ढीग गोल करू नका. लांबट करा, मधी उंच, दोन्ही अंगाला उतार, म्हणजे ताडपत्रीवर पाणी साचत नाही. जागा उंचवट्याची हवी. ढिगाच्या चारी बाजूंनी कुदळीनं वीतभर खोल चर काढा आणि पाणी जाईल असं त्याचं तोंड उताराला सोडा. खालची ताडपत्री चराच्या आत राहिली पाहिजे. तिची कड बाहेर पडली तर तीच पाणी ओढून हळदीखाली नेते. आमची एका वर्षी खालची सगळी हळद अशीच भिजली, वरची मात्र कोरडी ठणठणीत.

ताडपत्रीवर नुसते दगड ठेवून भागत नाही. वारा कडेखाली शिरला की दगडासकट उचलतो. आम्ही मातीनं अर्धी भरलेली पोती कडेवर एकाला एक लागून मांडतो आणि वरून दोरी आडवी-तिडवी आवळतो. एक टोक शेवटपर्यंत उघडं ठेवायचं, आतली ऊब निघून जाऊ द्यायची, ढग गडगडायच्या आधी ते बंद करायचं.

वाळवणाचं सोपं आहे. अर्धवट वाळलेल्या कुरडया सोडवत बसू नका, मोडतात. ज्या लुगड्यावर घातल्या त्या लुगड्यासकट चौघींनी चार कोपरे धरून घरात बाजेवर आणायच्या.

मग छत. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, असेल तर पन्हाळात अडकलेला पाला काढा, साणं (छतातलं उजेडाचं भोक) झाका. टिनपत्रे असतील तर हुकांचे नट आवळून घ्या. पत्र्यावर सुटे दगड ठेवायची आपल्याकडं रीत आहे, ती सोडून द्या. वावधानात, म्हणजे वादळी वाऱ्यात, तेच दगड अंगणात येऊन पडतात. पऱ्हाट्या, गोवऱ्या दोन दिवसांच्या चुलीपुरत्या आत घ्या, कडब्याची गंज दोरीनं बांधा.

जनावरांचं मी कळकळीनं सांगते. झाडाखाली बांधू नका. सहा वर्षांमागं आमची तांबडी गाय कडुलिंबाखाली होती. सावली आहे, पाऊस लागणार नाही, असं वाटलं. वीज पडली. लिंबाची साल शेंड्यापासून बुडापर्यंत पट्टा ओढल्यासारखी निघाली होती आणि गाय जागेवर पडलेली, तोंडात कडब्याचं चिपाड तसंच. आमचे हे तेव्हा शंभर पावलांवर विहिरीशी स्टार्टर बंद करीत होते. दुपारी दोनची वेळ आमच्या घरात तेव्हापासून आली. जनावरं भिंतीच्या गोठ्यात बांधा, तारेच्या कुंपणापासून लांब.

फोनमध्ये दामिनी ॲप ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं आहे, जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. ॲप नसलं तर मोजा: वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडलं तर लगेच पक्क्या घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. चारी बाजूंनी उघडा आखाडा म्हणजे घर नव्हे. शिवारातच सापडलात तर झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवं बसा, एकमेकांपासून अंतर ठेवा, जमिनीवर आडवं होऊ नका. आणि कुणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहिलेली नसते. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा, दुसऱ्यानं 108 ला फोन करावा. तुटलेल्या तारेजवळ मात्र जायचं नाही. महावितरणच्या 1912 वर कळवा.

दुसऱ्या दिवशी जमिनीची वाफ निघून गेल्यावर, नऊ-दहाला, ताडपत्री सोडा. आधी वरची कड झटकून पाणी चरात लोटा, मग उचला. ढिगात कोपरापर्यंत हात घालून मधलं एक हळकुंड काढा आणि मोडा. कट्ट असा आवाज आला तर पसरायची घाई नाही. वाकलं, चिवट लागलं, तर सगळं कामधाम टाकून आधी हळद पातळ पसरा आणि दिवसातून दोनदा हलवा.