इंजिनाचे मिसिंग: दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे, हे कसे शोधावे

पेट्रोल गाडी उभी असताना इंजिन थरथरू लागले किंवा चढावर झटके देऊ लागले, तर बहुधा एखाद्या सिलिंडरमध्ये इंधनाचे ज्वलन नीट होत नसते; यालाच ‘मिसिंग’ म्हणतात. अशा वेळी अंदाजाने सगळे प्लग (ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे भाग) आणि कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारे भाग) बदलून टाकण्याची घाई करू नये; पैसे जातात आणि दोष मात्र तसाच राहू शकतो.

प्रथम ‘चेक इंजिन’चा दिवा पाहावा. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबवावी, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन पेटते आणि हा महागडा भाग तापून निकामी होतो. दिवा स्थिर असेल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारे उपकरण) जोडून कोड वाचावा. पी०३०१, पी०३०२ अशा कोडचा शेवटचा अंक सिलिंडरचा क्रमांक सांगतो. पी०३०० आल्यास दोष एकाच सिलिंडरपुरता नसण्याची शक्यता अधिक.

समजा, पी०३०२ आला आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन बंद करून, पूर्ण थंड झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी थोडी चालवून पुन्हा वाचावा. आता पी०३०३ दिसला, तर कॉइल खराब आहे. जुनाच कोड आला, तर हीच अदलाबदल प्लगची करावी. या साध्या युक्तीने नवा भाग विकत न घेता दोषी भाग सापडतो. चालू इंजिनवर कॉइल मात्र कधीही उपसू नये. तिच्यातील दाब हजारो व्होल्टचा असतो.

प्लग काढण्यापूर्वी भोवतालची धूळ फुंकून टाकावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्लगचे टोक फिकट तपकिरी असणे चांगले. कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त जात असल्याचे, तर तेलकट ओल ऑइल आत शिरत असल्याचे लक्षण आहे. बसवताना पहिले आटे हातानेच फिरवावेत.

प्लग व कॉइल ठीक असूनही फक्त आयडलिंगला (गाडी उभी आणि इंजिन चालू असताना) थरथर होत असेल, तर इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, रबरी नळ्यांना तडे आहेत का पाहावे आणि हवा शिरल्याचा ‘स्स्स’ आवाज ऐकावा. त्यानंतर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) तपासावे लागते. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा बरेच कमी भरले, किंवा कूलंट घटत असून सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल, तर दोष व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग किंवा हेड गॅस्केटचा असू शकतो. तेव्हा गाडी न चालवता टो करूनच गॅरेजला न्यावी.