जुन्या नाशकात किंवा पंचवटीत फ्लॅट घेताय? आधी या चुका टाळा

वाडा उतरवायचा आणि त्या जागी चार मजली अपार्टमेंट उभं करायचं, हे रविवार कारंजा, तिवंधा, भद्रकाली, सोमवार पेठ, पंचवटी या भागांत आता नवीन राहिलेलं नाही. तिथं फ्लॅट शोधणारेही कमी नाहीत. कुणाच्या आईला रोज काळारामाचं दर्शन हवं असतं, कुणाचं दुकान मेन रोडला असतं, तर कुणाला गंगापूर रोडचे भाव झेपत नाहीत. ही मंडळी साइटवर गेली की फरशी बघतात, किचनचा ओटा बघतात, खिडकीतून गंगा, म्हणजे आपली गोदावरी, दिसते का ते बघतात. गावठाणात हा क्रम उलटा हवा. आधी गल्ली, मग जमीन आणि तिचे कागद, मग इमारत. फ्लॅटचं दार सगळ्यात शेवटी उघडायचं.

पुराचं पाणी किती येतं, हे एजंटला विचारणं

"इथं पाणी येत नाही हो" हे वाक्य गोदाकाठच्या प्रत्येक गल्लीत ऐकायला मिळतं. १९६९ चा महापूर पाहिलेली माणसं अजून सापडतात. त्यानंतर २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर तर सगळ्यांच्याच आठवणीत आहेत. नाशिककर पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो: पाणी पायाला लागलं, कमरेला लागलं, की मारुती बुडाला. तुम्हीही त्याच मापाने विचारा, पण एजंटला नको. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, "मारुती बुडाला तेव्हा तुमच्या दुकानात पाणी कुठवर होतं?" तो हाताने भिंतीवर खूण दाखवेल. ती खूण आणि इमारतीचं जोतं यांच्या उंचीत किती फरक आहे, ते बघा.

तोंडी माहितीबरोबर कागदही हवा. २००८ च्या पुरानंतर गोदावरीच्या पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध मानला जातो आणि निळ्या-लाल रेषांमधल्या पट्ट्यात बांधकामावर अटी असतात. महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या सिटी सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढून घ्या. रस्तारुंदीकरणाची रेषा इमारतीच्या पोटातून जाते का, तेही त्याच नकाशावर कळतं. २५ वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची २५ वर्षं निवांत, असा हिशेब मात्र करू नका. २०१६ आणि २०१९ मध्ये किती अंतर आहे ते बघाच.

नदीपासून लांब आहोत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची गफलत वेगळीच असते. दहीपूल, सराफ बाजार या भागात पाणी भरतं ते बरेचदा सरस्वती नाल्यामुळे. नाला वरून झाकलेला, त्यामुळे नव्या माणसाला तो दिसतच नाही. शहरात जोराचा पाऊस पडला की नाला भरतो. त्याच वेळी गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर गोदावरीची पातळी वर असते, नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही आणि फुगवटा मागे बाजारपेठेत शिरतो. पंचवटीच्या बाजूला वाघाडी नाल्याकाठीही हा प्रश्न विचारायला हवा. म्हणून फक्त "नदी किती लांब?" विचारून भागत नाही, "खालून नाला जातो का?" हेही विचारायचं.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी इमारतीत पाणी शिरल्याचे हाल चुकत नाहीत. मीटर बोर्ड, पाण्याची मोटर, जमिनीखालची टाकी आणि लिफ्टचा खड्डा तळमजल्यावरच असतात. मीटर जमिनीपासून किती उंचीवर बसवलेत, टाकीचं झाकण रस्त्याच्या पातळीच्या वर आहे का, ड्रेनेजच्या पाइपला पाणी उलटं येऊ नये म्हणून झडप आहे का, हे तिथल्या तिथे दिसतं. इमारत आधीच घेतली असेल तर पावसाळ्याआधी सभासदांनी वर्गणी काढून मीटर वर चढवून घ्यावेत. बाकीची डागडुजी नंतर केली तरी चालेल.

रेरा नंबरावरून निकाल लावणं

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला रेरा नोंदणीची, म्हणजे बांधकाम क्षेत्राच्या नियमन कायद्याखालच्या नोंदणीची, सक्ती नाही. वाड्याच्या जागा मुळातच चिंचोळ्या, त्यामुळे गावठाणातल्या पुष्कळ इमारती या सवलतीत बसतात. तेव्हा नंबर नाही म्हणजे बिल्डर लबाड, असं होत नाही. पण वेळेत ताबा किंवा बांधकामातले दोष यांबद्दल महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) दाद मागण्याचा सोपा रस्ताही तुमच्याकडे राहत नाही. अशा वेळी १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा जुना कायदा, उपयोगी पडतो. किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी नोंदणीकृत करार करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. रेराखाली ही मर्यादा १० टक्के आहे. "आत्ता अर्धे द्या, करार दिवाळीनंतर करू" म्हणणाऱ्याला हा नियम माहीत असतो. तुम्हालाही तो माहीत आहे, एवढं त्याला कळू द्या.

आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला. नवी इमारत असो की वीस वर्षांची, हा कागद नसेल तर बाकीची सगळी फाइल बाजूला ठेवा. मंजूर नकाशा मागा आणि प्रत्यक्ष मजले मोजा. गच्चीवर पत्रे टाकून केलेली 'एक्स्ट्रा रूम' नकाशात नसते, पण तिचे पैसे तुमच्याकडून घेतले जातात.

वाड्याचा इतिहास न उलगडणं

जुन्या भागातले खटले बहुतेक याच कारणाने होतात, म्हणून इथं घाई नको.

आधी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. गावठाणात सातबारा बघून उपयोग नाही, सिटी सर्व्हेचा उतारा लागतो. त्यात तीन गोष्टी वाचा: धारकांची नावं, सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धरली आहे) आणि इतर भार (कर्ज, बोजे वगैरे). पंचवटीत मठ, आखाडे, देवस्थानं यांच्या मालकीच्या जागा पुष्कळ आहेत. देवस्थान इनामाची जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, आणि भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर बांधलेला फ्लॅट घेतला तर जमिनीचा हिस्सा तुमच्या नावे कधीच येणार नाही. ट्रस्टची जागा असेल तर धर्मादाय आयुक्तांची विक्री-परवानगी बघितल्याशिवाय पुढचं बोलणं करू नका.

मग वारस. वाडा आजोबांच्या नावावर, मुलं चार, मुली तीन, नातवंडं पुण्यात आणि अमेरिकेत. बिल्डरच्या करारावर सह्या चार भावांच्या. बहिणींचं काय? "त्यांनी तोंडी सोडलंय" हे उत्तर चालत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि तो सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. मुखत्यारपत्रावर कुणी सही केली असेल तर ते नोंदवलेलं आहे का आणि देणारी व्यक्ती आज हयात आहे का, हे विचारा. हा प्रश्न विचारताना अवघडल्यासारखं वाटतं, पण माणूस गेला की साधारणपणे त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही संपतं.

तिसरे भाडेकरू. वाड्यांत दोन-दोन पिढ्या राहिलेली बिऱ्हाडं असतात आणि त्यांना भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असतं. वाडा उतरवताना त्यांच्याशी काय ठरलं? कुणाला नव्या इमारतीत खोली कबूल केली होती? ती कबुली लेखी आहे का? नसेल तर दुसऱ्या मजल्यावरचा तोच फ्लॅट तुम्हालाही आणि जुने भाडेकरू दामूअण्णा यांच्या मुलालाही कबूल केलेला असू शकतो. शेजारच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांशी अर्धा तास गप्पा मारा. वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये (मिळकतीच्या तीस वर्षांच्या नोंदींच्या तपासणीत) न येणारी माहिती तिथं चहाबरोबर मिळते. सर्च रिपोर्ट मात्र आपल्या वकिलाचाच घ्या, बिल्डरने हातात ठेवलेला नको.

सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे न विचारणं

नाशकात सहकारी सोसायट्यांपेक्षा १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या इमारती सर्रास दिसतात. या पद्धतीत आधी डिक्लरेशनची नोंदणी होते, मग प्रत्येकाच्या नावे डीड ऑफ अपार्टमेंट होतं आणि त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. जुना फ्लॅट विकत घेताना विक्रेत्याकडे हे डीड आहे की नुसतं साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार), ते तपासा. साठेखतावर वर्षानुवर्षं राहिलेले लोक पुष्कळ आहेत, आणि इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की जमीन मूळ मालकाच्या नावावर आणि गच्चीवर त्याचाच हक्क, असं चित्र निघतं.

तोवर सगळे एकमेकांना दादा-काका म्हणत असतात.

इमारत अशी अडकलेली असेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी (मालकाने सही केली नाही तरी जमीन इमारतीच्या नावे करून घेण्यासाठी) सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी सभासद एकत्र यावे लागतात, म्हणून फ्लॅट घेण्याआधी दोन-तीन मालकांना भेटून इमारतीत एकी कितपत आहे याचा अंदाज घ्या. मेंटेनन्सची वही मागितली तर लगेच अंदाज येतो.

ओल आणि तड्यांवर रंग पाहून फसणं

नुकताच रंग दिलेली जुनी इमारत दिसली की मला संशय येतो. भिंतीवर तळापासून साधारण कमरेपर्यंत लोणा लागलाय, पांढरी पूड सुटतेय, तर ओल जमिनीतून चढते आहे. वरून कितीही वॉटरप्रूफिंग केलं तरी ती थांबणार नाही. छताच्या कोपऱ्यात पिवळा डाग असेल तर वरच्याचं बाथरूम किंवा गच्ची कारण आहे. त्यावर उपाय आहे, फक्त वरचा मालक ऐकणारा हवा. प्लॅस्टरवरच्या केसासारख्या रेघांची फार चिंता नको. पण कॉलमला उभी चीर असेल, स्लॅबचं प्लॅस्टर फुगून गंजकी सळई दिसत असेल किंवा दारं चौकटीत अडकत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि काँक्रीटची ताकद बघणारी हॅमर टेस्ट करून घ्या. इमारत तीस वर्षांची झाली की १९४९ च्या महापालिका अधिनियमाप्रमाणे स्थिरतेचं प्रमाणपत्र लागतं. ते मागा. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना आणि इमारतींना नोटिसा देते. तुमची इमारत त्या यादीत नाही ना, आणि तिला खेटून असलेला वाडा तर नाही ना, दोन्ही बघा. सामाईक भिंतीचा वाडा पडला तर तुमची भिंतही हलते.

नव्या इमारतीत प्रश्न पायाचा असतो. जुन्या गावठाणाची माती म्हणजे शतकानुशतकांच्या वस्तीचा थर. पुरातत्त्वज्ञ संकालिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये इथल्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं ते अशाच थरांमध्ये, आणि काझीच्या गढीची माती पावसाळ्यात ढासळते तेव्हा तिथल्या रहिवाशांना हलवावं लागतं. वाड्यांत आड असायचे, धान्य साठवायची बळद असायची, तळघरं असायची. ती नीट भरली की नुसता राडारोडा लोटला? पाया कुठल्या थरापर्यंत नेला? माती परीक्षणाचा अहवाल बिल्डरकडे असतो. नसेल तर तेही एक उत्तरच समजायचं.

गल्ली एकाच वेळी पाहणं

रविवारी दुपारी गल्ली छानच दिसते. बुधवारी या, गंगेवर बाजार असतो. श्रावणी सोमवारी कपालेश्वराच्या बाजूला या. रामरथाच्या दिवशी, गणपती विसर्जनाला या. तिवंधा, शनि चौक किंवा दिल्ली दरवाजाजवळ घर घेणार असाल तर रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात) उड्या मारणाऱ्यांची गर्दी बघून ठरवा. मी असतो तर त्या गर्दीसाठीच घर घेतलं असतं, पण घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर हिशेब बदलतो.

टेप घेऊन गल्लीची सगळ्यात अरुंद जागा मोजा. अग्निशमनाचा बंब, ॲम्ब्युलन्स तिथून वळेल का? जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेल का? लिफ्ट नसलेल्या इमारतीत हा प्रश्न आणखी महत्त्वाचा. पार्किंगचं म्हणाल तर करारात जागा क्रमांकासह लिहून घ्या, नाहीतर गाडी लांब लावून चालायची सवय करा.

"सिंहस्थाआधी घ्या, नंतर भाव दुप्पट"

पुढचा सिंहस्थ २०२७ चा. त्याच्या नावाने रस्ते खोदले जातात, घाट सुधारले जातात आणि फ्लॅटही खपवले जातात. भाव किती वाढेल हे कुणी लिहून देत नाही. पर्वणीच्या दिवसांत रामकुंडाच्या आसपास बॅरिकेड्स लागतात, गाड्या बंद होतात आणि रहिवाशांनाही वळसे पडतात. २००३ च्या सिंहस्थात पंचवटीत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले, त्यामुळे बंदोबस्त कडक असणारच आणि असावाच. त्या काळात भाड्याने खोली देऊन पैसे काढायचा बेत असेल तर अपार्टमेंटच्या नियमांत ते चालतं का, आधी वाचा.

टोकन देऊन बसलात तर

घाईत टोकन दिलंच असेल तर पुढची रक्कम थांबवा. दिलेले पैसे चेकने किंवा बँकेतून गेलेले असावेत. रोख दिले असतील तर आजच सही-तारखेची पावती घ्या, आणि टायटल स्वच्छ नसेल तर टोकन परत मिळेल हे त्याच कागदावर लिहून घ्या. मग वकिलामार्फत स्थानिक मराठी दैनिकात जाहीर नोटीस द्या, हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत ठेवा. नोटिशीत फक्त इमारतीचं नाव आणि फ्लॅट नंबर नको. सिटी सर्व्हे नंबर, चतुःसीमा आणि वाड्याच्या मूळ मालकाचं नाव टाका. "साई अमुक अपार्टमेंट" वाचून मुंबईतल्या बहिणीला काही कळणार नाही, पण आजोबांचं नाव वाचलं की ती फोन करेल.