मुंबई ते न्यूयॉर्क किती तास? हिशोब करताना या चुका टाळा

आई-बाबा पहिल्यांदा ताईकडे एडिसनला (न्यूयॉर्कजवळ, न्यू जर्सीत) निघाले तेव्हा बाबांनी तिकीट बघून जाहीर केलं, रात्री दीडला निघून सकाळी साडेसहाला पोचतोय, म्हणजे पाच तासांचा तर प्रवास! तिकिटावर दोन्हीकडच्या लोकल वेळा असतात हो. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, म्हणजे झाले साडेपंधरा तास. आणि हे साडेदहा पण कायमचे नाहीत, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडे घड्याळं एक तास पुढे असतात तेव्हा फरक साडेनऊच धरायचा.

मग बाबांनी नेटवरून अंतर काढलं. साधारण १२,५०० किमी, भागिले ९०० चा स्पीड, उत्तर चौदा तास. गणित बरोबर, पण विमान तसं जात नाही ना. हे अंतर पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं, ती लाइन पाकिस्तान, रशियावरून पार फिनलंडच्या बाजूला वर चढते (भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून मोजलं तर हे कळणारच नाही, तो कागद सपाट असतो). आता २०२२ पासून अमेरिकन कंपन्या रशियावरून जात नाहीत, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केली, मग वळसा आला. त्यात जाताना वारा समोरून. ताशी १०० किमीचा वारा अंगावर घेतला की ९०० चे ८०० होतात आणि चौदाचे साडेपंधरा. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून परतीला तास-दीड तास कमी लागतो. तेव्हा जातानाचे तास येताना धरू नका, तिकिटावर लिहिलेला ड्युरेशन बघा, त्यात रनवेपर्यंत रांगायचा वेळ पण धरलेला असतो.

अजून एक गैरसमज, व्हाया गेलं की फार लांब पडतं. लंडनवरून गेलात तर अंतर जेमतेम दोनेकशे किमी वाढतं! वेळ खातो तो लेओव्हर, म्हणजे मधल्या एअरपोर्टवरचा थांबा, आणि बुकिंग साइटवर काही ठिकाणी नुसते उडायचे तास दिसतात, मधले सहा तास खुर्चीत काढायचे ते धरलेलेच नसतात, टोटल बघा. मैल की किमी तेही बघून घ्या, ७,८०० वाचून खूश होऊ नका, ते मैल आहेत.

आणि उतरायचं कुठे? आम्ही स्वस्त मिळालं म्हणून न्यूयॉर्कचं जेएफके एअरपोर्ट घेतलं, एडिसनवाल्यांना न्यू जर्सीतलं न्यूअर्क एअरपोर्ट किती जवळ हे नंतर ताईच्या तोंडून ऐकलं, ती ट्रॅफिकमध्ये अडकून आल्यावर.

तारखेचं मात्र खरंच जपा. तिकिटावर १२ तारीख, ००:५५ असेल तर घरातून ११ च्या संध्याकाळीच निघायचंय. १२ ला रात्री जेवूनबिवून एअरपोर्टला गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल.