मिरगाआधी पोकलेन कशी उभी करावी

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोलीकडच्या एका यार्डात वीस टनी पोकलेन कामावरून आली तशीच उभी राहिली. आर्म (बकेट धरणारा पुढचा हात) आत ओढलेला, त्याच्या तेलाच्या सिलिंडरचा क्रोम चढवलेला रॉड बाहेर, अंगावर लाल चिखल. दोन पावसाळ्यांनी ती चालू करायला मला बोलावलं. इंजिन दुसऱ्या स्टार्टरला लागलं, सगळ्यांचे चेहरे खुलले. पण आर्म हलवला आणि सिलिंडरच्या तोंडातून तेलाची धार सुटली. रॉड पुसून त्यावर बोट फिरवलं, तर मोहरीच्या दाण्याएवढे खड्डे लागत होते. क्रोम गंजून फुटलं होतं आणि त्या खरखरीत कडांनी तेल अडवणारं सील कापलं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण अर्ध्या दिवसाच्या कामाने ते सगळं वाचलं असतं.

ते अर्ध्या दिवसाचं काम असं.

आधी मशीन धुवा. आपली लाल माती ट्रॅकच्या रोलरांमध्ये आणि स्प्रॉकेटभोवती (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती) वाळली की चिऱ्यासारखी घट्ट होते. पहारीने खरवडून काढा, मग पाणी मारा. प्रेशरचं पाणी सीलच्या तोंडावर, अल्टरनेटरवर किंवा वायरिंगच्या जोडांवर सोडू नका. जागा उंच आणि घट्ट बघा, ट्रॅकखाली जाड फळ्या घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मशीन ठेवायची पद्धत. आर्म पूर्ण लांब करा, बकेट उघडी करा आणि बूम, म्हणजे आर्म धरणारा मागचा मोठा हात, खाली आणून बकेट जमिनीला टेकवा. असं केलं की तिन्ही ठिकाणचे रॉड जवळजवळ पूर्ण सिलिंडरच्या आत जातात आणि आत ते तेलात सुरक्षित राहतात. बाहेर जो थोडा भाग उरतो तो कोरड्या फडक्याने पुसून त्यावर ग्रीसचा जाड थर द्या. बरेच जण आर्म आत ओढून ठेवतात, जागा कमी लागते म्हणून. पण त्यामुळेच आर्मचा रॉड सगळा उघडा पडतो.

प्रत्येक पिनला ग्रीस गन लावा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारत राहा. पिनच्या फटीतून पाणी शिरतं, आतलं ग्रीसच त्याला अडवतं. डिझेलची टाकी काठोकाठ भरा. रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होऊन तळाशी बसतं. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडवा.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बॅटरी जोडून, रॉडवरचं ग्रीस पुसून मशीन चालू करा. इंजिन गरम झालं की प्रत्येक सिलिंडरचा रॉड पूर्ण बाहेर काढून आत घ्या, दोन्ही बाजूंना फिरवा, थोडं पुढे-मागे चालवा. मग पुन्हा तसंच ठेवा, ग्रीस लावा. मशीन चालू करण्याआधी बॉनेट उघडून बघाच. पावसात उंदीर ऊब शोधत आत येतात आणि वायरी कुरतडतात. उंदरामागून साप येतो, म्हणून हात घालण्याआधी टॉर्च मारा.

पाइपावर तेलाचा ओलावा दिसला तर बोटाने चाचपू नका, ही माझी हात जोडून विनंती. आतला दाब ३०० बारच्या पुढे जातो आणि केसाएवढ्या भोकातली धार कातडीत घुसते. वर फक्त टोचल्यासारखं दिसतं, पण लगेच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाऊ शकतं. पुठ्ठा धरून गळती शोधा. ट्रॅक सैल करतानाही ग्रीसचा व्हॉल्व्ह हळूहळू, थोडाच फिरवा, आणि तोंड त्याच्या समोर ठेवू नका.

चवथीनंतर काम सुरू करताना हायड्रॉलिक तेल काचेतून बघा. दुधट दिसलं तर त्यात पाणी गेलंय, तसंच चालवलं तर पंप खराब होतो. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरचं पाणी सोडा. एअर फिल्टर बाहेर काढून त्यात उंदराचं घर नाही ना ते बघा. बाहेरचा फिल्टर कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर साफ करता येतो. आतला मात्र कधीच फुंकायचा नाही, तो बदलायचाच.

मग रॉड पुसा आणि आर्म सावकाश आत घ्या. उन्हात रॉड आरशासारखा चकाकत बाहेर येतो आणि त्यावर तेलाचा जेमतेम ओलसर थर असतो, ओघळ नाही. मी तो अजूनही थांबून बघतो.