सगळ्या कोअरला उणे तीस लावू नका

‘पीबीओ चालू कर, सगळ्या कोअरला उणे तीस टाक, दहा मिनिटं सिनेबेंच चालव. पास झालं की काम झालं.’ एएमडीचा रायझन प्रोसेसर ओव्हरक्लॉक कसा करायचा, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त कसा पळवायचा, असं विचारलं की दहातले आठ जण हेच सांगतात. पीबीओ म्हणजे प्रोसेसरच्या मर्यादा वाढवू देणारी एएमडीची सोय, कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा गाभा, उणे तीस म्हणजे त्याचं व्होल्टेज किती कमी करायचं त्याचा आकडा, आणि सिनेबेंच ही वेग मोजायची चाचणी. मीही हेच केलं होतं. सिनेबेंच झकास पास झालं, प्राइम९५ ही जड भाराची चाचणी सगळ्या कोअरवर रात्रभर चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पीत पेपर वाचत होतो, ब्राउझरमध्ये एकच टॅब उघडा, आणि स्क्रीन काळी होऊन मशीन आपलं आपण रीस्टार्ट झालं. निळी स्क्रीन नाही, संदेश नाही, काही नाही.

पुढचं सगळं रायझन ५ ५६००एक्स आणि बी५५० मदरबोर्डाबद्दल आहे, कारण माझ्या सगळ्यात जास्त रात्री त्यावर गेल्या आहेत. त्याच पिढीच्या ५६०० किंवा ५८००एक्सला आकडे वेगळे लागतील, पद्धत हीच. ए५२० बोर्ड असेल तर नाद सोडा, त्या चिपसेटला ओव्हरक्लॉकिंगची अधिकृत सोय नाही. आणि पीबीओ वापरल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे एएमडी स्वतःच सांगते.

आधी थंडाव्याचं. मी नागपूरचा, त्यामुळे कूलर म्हटलं की घरात सगळ्यांना खिडकीतला आठवतो. इथे प्रोसेसरवरचा म्हणतोय. ५६००एक्सच्या खोक्यात येणारा छोटा कूलर मूळ सेटिंगपुरता ठीक आहे, ओव्हरक्लॉकला नाही. बऱ्यापैकी टॉवर कूलर घ्या आणि कॅबिनेटमधली धूळ काढा. डिसेंबरात, खोलीत वीस-बावीस अंश असताना ठरवलेली सेटिंग्ज मे महिन्यात टिकतील असं समजू नका. बाहेर पंचेचाळीस आणि खोलीत पस्तीस असेल तर प्रोसेसरसुद्धा तेवढाच वर जातो. हा प्रोसेसर ९५ अंशांना स्वतःच वेग कमी करतो. पीबीओच्या मेनूत थर्मल लिमिट नावाची जागा असते, तिथे मी ८५ लिहून ठेवतो.

बायोस, म्हणजे या सगळ्या सेटिंग्ज ज्यात असतात ते बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करायचा असेल तर यूपीएसवर करा. अर्ध्यात वीज गेली तर बोर्ड जाऊ शकतो.

प्रोसेसरला हात लावण्याआधी रॅम. हा क्रम उलटा केलात तर पुढे कोणती चूक कोणाची ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एक्सएमपी (रॅमला तिचा छापील वेग लावणारी सेटिंग) चालू करा, डीडीआर४-३६०० ला १.३५ व्होल्ट आणि एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १८०० आहे याची खात्री करा, मग पेनड्राइव्हवरून रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार पास होऊ द्या. एकही चूक आली तर नापास. ‘एकच तर आली’ हे ऐकायला नको. रॅमची चूक दर वेळी मशीन बंद पाडून सांगत नाही. माझ्याकडे मावसभावाच्या लग्नाच्या फोटोंची झिप फाइल उघडेना. मी पेनड्राइव्हला, मग हार्ड डिस्कला शिव्या घातल्या. खरा दोष माझा होता: दोन वेगळ्या जोड्यांच्या चार पट्ट्या लावून ३६०० चालवत होतो. ३२०० वर आणल्यावर पुन्हा कॉपी केलेली फाइल निमूट उघडली.

आता पीबीओच्या मर्यादा. ५६००एक्सच्या मूळ मर्यादा पीपीटी (एकूण वीज) ७६ वॉट, टीडीसी (सतत वाहणारा करंट) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणिक कमाल करंट) ९० अँपिअर. मी ९५, ७० आणि १०० ठेवतो. बोर्डाच्या कमाल मर्यादेचा पर्याय निवडू नका, उष्णता भरपूर वाढते आणि वेग चिमूटभर. कमाल वेग वाढवणाऱ्या बूस्ट ओव्हरराइडमध्ये २०० मेगाहर्ट्झपर्यंत आकडा टाकता येतो. तिथे शून्य राहू द्या, सगळं स्थिर झाल्यावर फार तर ५०.

आणि हो, सगळ्या कोअरना १.४ व्होल्ट कायमचे बांधून ४.७ गिगाहर्ट्झ चालवायचा जुना प्रकार नकोच. त्यावर एक युक्तिवाद हमखास येतो: ‘मूळ सेटिंगमध्येही १.४५ दिसतंच की!’ दिसतं, पण ते एकाच कोअरला, क्षणभर, अगदी कमी करंट वाहत असताना. सहाही कोअर पूर्ण भाराखाली असताना तोच व्होल्टेज चिपला हळूहळू झिजवतो.

आता जिथे माझे तीन आठवडे गेले ते. कर्व्ह ऑप्टिमायझर.

प्रत्येक कोअरला कोणत्या वेगाला किती व्होल्टेज लागेल याची वक्ररेषा कारखान्यातच ठरलेली असते. कर्व्ह ऑप्टिमायझर ती रेषा खाली सरकवतो. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे उणे तीस लावलं की ९० ते १५० मिलिव्होल्ट काढून घेतले. कमी व्होल्टेज म्हणजे कमी उष्णता, आणि वाचलेल्या उष्णतेत प्रोसेसर आपण होऊन जास्त वेग घेतो. इथवर छान.

मेख अशी की सिनेबेंचमध्ये सहाही कोअर राबत असतात, त्यामुळे वेग माझ्याकडे ४.४-४.५ गिगाहर्ट्झच्या आसपास राहतो. पेपर वाचताना मात्र एखादाच कोअर क्षणभर जागा होतो आणि थेट ४.६५ ला उडी मारतो. व्होल्टेज सगळ्यात तोकडं पडतं ते नेमकं त्या टोकाला. म्हणून जड चाचणीत पास झालेलं मशीन रिकामं बसलेलं असताना मरतं. सिनेबेंचने तपासलं ते आपण बिघडवलंच नव्हतं, आणि जे बिघडवलं ते त्याने तपासलंच नाही.

त्यात सहाही कोअर सारखे नसतात. एएमडीच्या रायझन मास्टर या सॉफ्टवेअरमध्ये सर्वोत्तम कोअरला तारा दिसतो आणि दुसऱ्या क्रमांकाच्या कोअरला ठिपका. साहजिक वाटतं की चांगला कोअर जास्त सोसेल. उलट आहे. एकट्याने धावायची वेळ आली की विंडोज त्यांनाच पुढे करते, आणि त्यांची रेषा कारखान्यातच घट्ट आवळलेली असते. सुरुवात करताना या दोघांना उणे ५, बाकीच्या चौघांना उणे १५ द्या. ऑल कोअर नाही, पर कोअर. आणि एक सापळा: रायझन मास्टर कोअर १ पासून मोजतो, बायोस ० पासून. मी दोन दिवस एका कोअरच्या चुकीची शिक्षा त्याच्या शेजाऱ्याला देत होतो.

चाचणीसाठी कोअरसायकलर घ्या, फुकट आहे. तो एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ चालवतो. मोड एसएसई (हलक्या भाराचा) ठेवा, एव्हीएक्स (जड भाराचा) नको. भार हलका असला की कोअर सर्वोच्च वेगाला जातो आणि आपल्याला तिथेच तर पाहायचंय. एका कोअरला सहा मिनिटं धरली तर फेरी छत्तीस मिनिटांची होते. रात्री अकराला लावून झोपा, सकाळी सातपर्यंत तेरा फेऱ्या झालेल्या असतात. एखादा कोअर नापास झाला की त्याचा आकडा शून्याकडे तीनने आणा, बाकीच्यांना हात लावू नका. सगळे पास झाले तर ज्यांना जागा आहे त्यांना तीनने आणखी खाली न्या आणि पुढच्या रात्री पुन्हा. हे काम आठवड्याचं आहे. एका संध्याकाळी उरकता येत नाही.

सकाळी उठून मशीन रीस्टार्ट झालेलं दिसलं तर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. सिस्टिमच्या नोंदीत कर्नल-पॉवर ४१ दिसेल. त्यावरून फक्त मशीन अचानक बंद पडलं एवढंच कळतं. तिथे थांबू नका, आजूबाजूला डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद), क्रमांक १८ शोधा. माझ्या नोंदीत ‘कॅश हायरार्की एरर’ आणि त्याखाली ‘प्रोसेसर एपीआयसी आयडी: ६’ असं होतं. प्रत्येक कोअरचे दोन थ्रेड, म्हणून दोनने भागायचं: बायोसच्या मोजणीने कोअर ३. हाच माझा ताऱ्याचा कोअर, उणे १२ वर होता, आणि शेवटी उणे ५ वरच शांत झाला.

कधी कधी मशीन बंद पडत नाही, पण स्कोअरच घटतो. वेग-तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये पूर्ण भाराखाली साधा क्लॉक आणि इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्षात मिळणारा वेग) शेजारी ठेवून पाहा. साधा ४५५० म्हणतोय आणि इफेक्टिव्ह ४३०० वर रेंगाळतोय, तर व्होल्टेज अपुरं आहे आणि प्रोसेसर गुपचूप पावलं आखडतोय. आकडा थोडा परत द्या.

सगळं पास झालं की प्रत्येक कोअरला दोन आकडे सवलत परत द्या. उन्हाळ्यासाठी. मग आठवडाभर मशीन नेहमीसारखं वापरा: स्लीपमध्ये टाका, उठवा, तासभर रिकामं सोडा. या आठवड्यात महत्त्वाचं काम त्यावर करू नका. माझे अखेरचे आकडे उणे १८, ७, २२, ५, २० आणि १५. हे जसेच्या तसे उचलू नका, तुमची चिप वेगळी. सिनेबेंच आर२३ चा स्कोअर ११,००० च्या आसपास होता, तो ११,७०० झाला, आणि तापमान सात-आठ अंशांनी उतरलं. गेम खेळताना फरक कळेल म्हणाल, तर मला तरी कळत नाही.

बूटच होईना तर घाबरू नका: प्लग काढा, बोर्डावरची गोल बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा, सेटिंग्ज मूळपदावर येतात. बायोस अपडेट केल्यावरही हे आकडे पुसले जातात. म्हणून माझे सहा आकडे, रॅमचा वेग आणि तारीख एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत. मेमध्ये धूळ काढायला झाकण उघडतो, तेव्हा एक रात्र कोअरसायकलर पुन्हा लावतो आणि खाली नवी तारीख लिहितो.